‘हा आमच्या खात्यातला’ : बाबांसोबत पाहिलेलं सुधीर पटवर्धनांचं प्रदर्शन

अबोली (धागाकर्ती)

काल कपाट आवरताना जुन्या पासबुकांच्या पिशवीत घडी घातलेलं एक पत्रक सापडलं. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए), म्हणजे रीगलच्या चौकातल्या काउसजी जहांगीर हॉलमध्ये, ३० नोव्हेंबर २०१९ ते १२ फेब्रुवारी २०२० या काळात चित्रकार सुधीर पटवर्धनांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’. त्याचं ते पत्रक. मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या अक्षरात काही ओळी आहेत. अक्षर माझं असलं तरी बोल बाबांचे. बाबा २०२१ च्या पावसाळ्यात गेले. तेव्हापासून हे पत्रक मी शोधत नव्हते, कारण असं काही लिहून ठेवलंय हेच मी विसरले होते.

ज्यांना पटवर्धन माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. जन्म १९४९, पुण्याचा. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) डॉक्टर झाले, १९७३ च्या सुमारास मुंबईला आले आणि ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून २००५ पर्यंत काम केलं. दिवसा लोकांच्या हाडांचे फोटो बघायचे आणि उरलेल्या वेळात त्याच लोकांना रंगवायचं. लोकलमधली माणसं, इराण्याकडे बसलेला माणूस, पुलावरची गर्दी, बांधकामावरचे मजूर. एनजीएमएतलं प्रदर्शन नॅन्सी अदाजानिया यांनी रचलं होतं आणि त्यात सत्तरच्या दशकापासून थेट तेव्हापर्यंतचं काम होतं.

बाबा कापड गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. गिरणीचं नाव लिहीत नाही, आता त्या जागी काय आहे तेही लिहीत नाही. गिरणी कामगारांच्या संपानंतर दोन वर्षं गावी राहिले, परत आले, मग मिळेल ते काम करत अखेरीस एका सोसायटीच्या गेटवर बसले. २०१७ पासून विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग स्टेशनाची नावं, मग दुपारी जेवलो की नाही. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला.

त्यांना चित्रं दाखवायला नेऊ या, ही कल्पना घरात कुणालाच पटली नव्हती. डोंबिवलीहून सीएसएमटी, तिथून टॅक्सी, आणि तिथे जाऊन चित्रं? बाबांनी आयुष्यात प्रदर्शन पाहिलं नव्हतं. पण मी पेपरात ‘लोअर परळ’ या चित्राचा फोटो पाहिला होता आणि मनाने घेतलं. शनिवार, १८ जानेवारी २०२०. तारीख ठरवून निवडली नव्हती. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, हे परतीच्या गाडीत ध्यानात आलं.

तो हॉल आतून गोलाकार आहे. अर्धवर्तुळाकार जिने, एकावर एक मजले आणि अगदी वर घुमटाखालची खोली. बाबांना जिन्याची धास्ती वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी कठडा धरला आणि माझ्या आधी चढायला लागले. पहिल्या काही चित्रांपाशी ते गप्प होते. मग एका चित्रातल्या माणसाकडे बोट करून म्हणाले, “हा आमच्या खात्यातला.” मी म्हटलं, बाबा, हे चित्र आहे. “हो, चित्र आहे. माणूस आमच्या खात्यातला आहे.” पुढच्या चित्रात आणखी एक. “हा गावाला गेला तो आलाच नाही.” पुन्हा एक. “ह्याला तंबाखू लागायची, दर तासाला.” मी दोनतीनदा दुरुस्त करायला गेले, मग सोडून दिलं. पर्समध्ये पेन होतं. पत्रक उलटं केलं आणि लिहीत गेले.

एका हॉटेलातल्या एकट्या माणसासमोर ते सगळ्यात जास्त थांबले. म्हणाले, “हा उठत का नाही? पाळी सुरू होईल.” आणि खरोखर काळजीत पडले. त्या माणसाचा खाडा लागेल, या काळजीत. मी त्यांना म्हटलं, आज सुट्टी आहे गिरणीला. तेव्हा कुठे ते पुढे सरकले.

‘लोअर परळ’पाशी मात्र ते काहीच बोलले नाहीत. मी ज्या चित्रासाठी त्यांना एवढ्या लांब आणलं होतं, त्याच्यासमोरून ते अनोळखी वस्तीतून जावं तसे गेले. हे मला आजही समजलेलं नाही.

ते प्रदर्शन पाहिलेलं कुणी इथे आहे का? आणि घरातल्या विसरणाऱ्या माणसाला चित्रं दाखवायला कुणी नेलंय का? लिहा. मला वाचायचं आहे.

---

ठाणेपूर्व

अबोलीताई, मी पाहिलं होतं, दोनदा. पहिल्यांदा एकटा, दुसऱ्यांदा मुलाला घेऊन.

माझं लहानपण पोखरण रोडच्या कारखान्यांच्या आसपास गेलं. आमच्याकडे वेळ घड्याळावर नव्हती, पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा त्यावर होती. आता तिथे टॉवर आहेत आणि मागे येऊरचे डोंगर अजून आहेत, मधलं सगळं गेलं. कॅडबरी जंक्शनचं नाव तेवढं लोकांच्या तोंडात राहिलंय. पटवर्धनांच्या ऐंशीच्या दशकातल्या चित्रांत ते ठाणं आहे: अर्धा डोंगर, अर्धा कारखाना, मध्ये नाला आणि त्या नाल्याकाठची घरं. कुठल्याही फोटोत ते ठाणं मला तसं सापडलेलं नाही. फोटो काढायला लोक तलावपाळीला जायचे, नाल्यावर कोण जाणार?

एकेक चित्र वेगळं पाहिलं असतं तर ‘छान आहे’ म्हणून पुढे गेलो असतो. चाळीसपंचेचाळीस वर्षांचं काम एका इमारतीत, जिन्याने चढत पाहिलं तेव्हा जाणवलं की हा माणूस त्याच त्या जागांकडे पुन्हा पुन्हा गेलाय. सुरुवातीला माणूस मोठा आहे, चित्रभर मावत नाही इतका. मग हळूहळू शहर मोठं होत जातं आणि माणूस लहान. पुढे पुढे माणसं घरात शिरतात, म्हातारी होतात. म्हणजे चित्रकारासोबत मीही म्हातारा होत होतो.

तुमचे बाबा ‘लोअर परळ’पाशी का थांबले नाहीत याबद्दल माझा अंदाज सांगतो. ते चित्र २००१ चं आहे. त्यांचं परळ १९८२ ला थांबलं. त्यांनी जी वस्ती ओळखली नाही ती खरंच त्यांची नव्हती.

---

वैद्यमाई

मी डॉक्टर आहे, मेंदूविकाराच्या विभागात बरीच वर्षं काम करून निवृत्त झाले. ठाणेपूर्व यांचा अंदाज मला बरोबर वाटतो. या आजारात साधारणपणे नवं आधी जातं आणि जुनं शेवटपर्यंत तग धरतं. नवी आठवण पक्की करायला मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो आणि अल्झायमरमध्ये बहुधा तोच लवकर सापडतो. तरुणपणीच्या आठवणी तोवर मेंदूत इतरत्र पसरून रुजलेल्या असतात.

यावरून एक जुनी गोष्ट सांगते. १९५३ मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढला. वैद्यकाच्या पुस्तकांत तो एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला जाई. त्याला नवीन काही लक्षात राहीना. सकाळी भेटलेली डॉक्टर दुपारी अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायला दिली. आरशात हात उलटा चालतो, पहिल्यांदा सगळ्यांचीच रेघ भरकटते. त्याने तीन दिवस ती गिरवली आणि दर दिवशी रेघ सुधारत गेली. प्रत्येक दिवशी तो म्हणे, मी हे पूर्वी कधी केलेलं नाही. त्याचा हात शिकत होता आणि त्याला पत्ता नव्हता. आठवण एकाच पेटीत ठेवलेली नसते, हे त्या चांदणीने आम्हाला शिकवलं.

अबोली, बाबांचे हात त्या दिवशी काही करत होते का? आठवून बघ.

आणि दुरुस्त करणं सोडलंस ते फार बरोबर केलंस. ‘आज सुट्टी आहे गिरणीला’ हे उत्तर मी घरच्यांना शिकवायला तास-तास घालवले आहेत, तुला ते आपोआप सुचलं. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने २००६ च्या सुमारास अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी खास फेऱ्या सुरू केल्या. चारपाच चित्रं, प्रत्येकासमोर बसायला खुर्ची आणि ‘कुणाचं चित्र, कोणतं साल’ असले प्रश्न नाहीत. काय दिसतंय, एवढंच विचारायचं.

---

अबोली

माई, तुम्ही विचारलंत आणि मी हादरले. हो. अंगठा आणि पहिलं बोट. चिमटीत काहीतरी धरून पीळ द्यावा तसं सतत चालू होतं. मला वाटलं हाताला कंप सुटलाय, म्हणून मी तो हात धरून ठेवला होता.

साच्यावर धागा तुटला की तो तसाच सांधतात.

हात धरायला नको होता.

---

वैद्यमाई

त्यांना धरलेला हातही कळला असेल. त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस.

---

परळकर

सगळं वाचलं. अबोलीताई, तुमच्या बाबांबद्दल मनापासून वाचलं. पण एक बोलतो, राग मानू नका.

माझे वडीलही गिरणीत होते, त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात. ते प्रदर्शनाला गेले नाहीत आणि मीही गेलो नाही. वीस वर्षं मी त्या चौकातून बसने जातोय, एकदाही आत पाय टाकलेला नाही. त्या दारावर कुणी अडवत नाही हे मला माहीत आहे. तरी पाय वळत नाही. ज्यांच्या चित्रांनी भिंती भरल्या ती माणसं त्या जिन्यांवर किती असतील? आमची आठवण दुसऱ्या कुणीतरी सांभाळायची, तीही तिसऱ्या कुणाच्या दिवाणखान्यात, हे मला टोचतं.

आणि विसरण्याबद्दल बोलायचं तर परळ आपोआप विसरलं गेलेलं नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ होतं: गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. गिरण्यांची जमीन सगळी मिळून ६०० एकरांच्या आसपास. २००१ मध्ये तो नियम बदलला. वाटणी फक्त जी जमीन आधीच मोकळी आहे तिची करायची, बांधकाम पाडून मोकळी होईल तिची नाही. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळी खाती, गोदामं, चाळीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला. ज्या मैदानांवर आमची पोरं खेळली असती ती अशी एका ओळीने गेली.

घरांच्या सोडतीला कामगार आणि वारसांचे दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. वडिलांचाही त्यातला एक. ते गेले, आता वारस म्हणून माझं नाव आहे.

ठाणेपूर्व म्हणाले ते चित्र २००१ चं. नियम बदलला ते सालही २००१. हे मला आत्ता लिहिताना दिसलं.

---

ठाणेपूर्व

परळकर, राग कसला. तुमचं म्हणणं खरं आहे. शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडकलो. चित्र पाहिलं तेव्हा मला कलम ५८ माहीत नव्हतं. आता ते चित्र माझ्यासाठी वेगळं झालं.

एक भर घालतो. चित्रं दारापर्यंत जायला हवीत हे पटवर्धनांनाही वाटत असणार. २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं. त्यांची स्वतःची नव्हे, समकालीन भारतीय चित्रकारांची मूळ चित्रं. जिथे मूळ चित्र पाहायला मिळणं दुर्मीळ, तिथे. यातून तुमचा प्रश्न सुटत नाही, हे मान्य.

---

रेघोट्या

मी नव्वदच्या सुरुवातीला जेजेत, म्हणजे सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकत होते. विस्मरणाबद्दल बोलतोय तर चित्रकार नलिनी मलानींच्या त्या भिंतीबद्दल लिहायलाच हवं.

केमोल्ड गॅलरी तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीतच, पहिल्या मजल्यावर होती. १९९२ मध्ये तिथे मलानींनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ केलं. कॅनव्हास नाही, कागद नाही, थेट भिंतींवर चित्र. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रं दुर्लक्षामुळे नष्ट होत चालली होती, त्या चित्रकारांना ही दाद होती. आणि पंधरा दिवसांनी भिंती पांढऱ्या करून टाकल्या. आम्ही विद्यार्थी खूप चिडलो होतो. एवढं काम! आमच्यातल्या एकीला रडू आलं. आमच्या सरांनी एवढंच विचारलं, नाथद्वाऱ्यासाठी कधी रडलीस का? ते तेव्हा फार कठोर वाटलं होतं.

नंतरही त्यांनी जगभर अशी भिंतचित्रं केली आणि शेवटी ती पुसून टाकणं हा कामाचाच भाग ठेवला. मलानींचा जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणीत कुटुंब इकडे आलं. १९९८ च्या पोखरण अणुचाचणीनंतर त्यांनी सआदत हसन मंटोच्या फाळणीवरच्या कथेवरून ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ केलं आणि ते मुंबईत, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये दाखवलं. पत्र्याच्या बारा ट्रंका, त्यांच्या आत दूरचित्रवाणीचे पडदे आणि चारही बाजूंना चित्रफिती. पत्र्याची ट्रंक प्रत्येक घरात होती, आमच्याही. आई तिच्यात लग्नातला शालू ठेवायची. त्या दिवसानंतर मला घरची ट्रंक उघडताना आत काहीतरी हलेल असं वाटायचं.

माझा मुद्दा असा. दिल्लीला २०१४ मध्ये आणि पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात २०१७ मध्ये मलानींची पन्नासेक वर्षांच्या कामाची सिंहावलोकनं झाली. पण जी भिंत पुसली ती सिंहावलोकनात कशी टांगणार? १९९२ च्या त्या भिंतींची चित्रफीत आहे, भिंती नाहीत. पाहिलेल्या माणसांच्या डोक्यात जे उरलंय तेच. आणि माझ्या डोक्यातलं दरवर्षी थोडं बदलतं. मला त्या भिंतीवर एक बाई आठवते, तोंड फिरवलेली. माझी मैत्रीण म्हणते अशी बाई नव्हतीच.

पटवर्धन, मलानी, भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम आणि जोगेन चौधरी या सहा जणांनी १९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन केलं होतं, मुंबईत जहांगीरलाच आणि दिल्लीत. चित्रात माणूस परत आणायचा, हा आग्रह. एकाच प्रदर्शनातून निघालेल्या दोघांनी पुढे आठवणीच्या अगदी उलट टोकाच्या वाटा धरल्या. पटवर्धन पुन्हा पुन्हा काढत राहिले आणि मलानी पुसत राहिल्या. मला दोन्ही लागतात.

---

वैद्यमाई

रेघोट्या, तुझी ती तोंड फिरवलेली बाई असेल किंवा नसेल. आठवण काढणं म्हणजे कपाटातून फाइल काढणं नव्हे. दर वेळी मेंदू ती तुकड्यांतून पुन्हा जुळवतो आणि पुन्हा ठेवताना ती थोडी बदलू शकते. हे सगळ्यांचं होतं, धडधाकट माणसाचंही. म्हणून अबोलीचे बाबा चित्रातल्या माणसांना ‘आमच्या खात्यातला’ म्हणाले याला मी भ्रम म्हणून बाजूला टाकणार नाही. चेहरा चित्रातला असेल, तंबाखूची सवय कुणाचीतरी खरी असेल.

विल्यम उटरमोलेन या लंडनमध्ये राहणाऱ्या चित्रकाराला १९९५ मध्ये अल्झायमर असल्याचं निदान झालं. त्यानंतरची काही वर्षं तो स्वतःचे चेहरे काढत राहिला. आधी खोली सपाट होते, मग डोळे सरकतात, मग चेहरा नुसती रेघ. मी ती चित्रं विद्यार्थ्यांना दाखवायचे. चौथ्या-पाचव्या चित्राला वर्गात शांतता व्हायची.

---

कोरी_पाटी

उशिरा येतोय. एनजीएमएत २०१९ च्या फेब्रुवारीत, म्हणजे पटवर्धनांच्या काही महिने आधी, चित्रकार प्रभाकर बरव्यांचं सिंहावलोकन झालं होतं, ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’. तेही विस्मरणाविरुद्धचंच काम होतं असं मी म्हणेन. बरवे १९९५ मध्ये गेले. त्यांनी चित्रावर मराठीत लिहिलेलं पुस्तक माझ्या पिढीच्या मुलांनी पेन्सिलीने खुणा करत वाचलं. पुढे पुढे मात्र नाव काढलं की लोक ‘कोण बरवे?’ विचारायचे, आणि तेही मुंबईत, जेजेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर.

त्या प्रदर्शनात त्यांच्या डायऱ्या होत्या. चित्रापेक्षा मी डायऱ्यांपाशी जास्त उभा होतो. बारीक अक्षर, शेजारी छोटी रेखाटनं, एखादी वस्तू सतत परत येणारी: घड्याळ, पान, पेटी. बरव्यांकडे पटवर्धनांसारखी माणसं नाहीत. वस्तू आहेत, एकमेकींपासून लांब ठेवलेल्या, जणू कुणीतरी घर सोडताना मागे राहिलेल्या. कोकणातलं बंद घर ज्यांनी उघडलंय त्यांना हे अंतर ओळखीचं वाटेल.

परळकर, तुमचा पाय वळत नाही ते मला कळतं. मी पहिल्यांदा जहांगीरला गेलो तेव्हा बाहेरच्या फुटपाथवरची चित्रं पाहून घरी आलो होतो. मला ते दारच वाटलं होतं.

---

सागरगोटा

माझ्या सासूबाईंना हाच आजार आहे. त्या पूर्वी घाटकोपरला शिवण शिकवायच्या. हे सगळं वाचून त्यांना न्यावंसं वाटतंय. कुठे नेऊ आणि कशी? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

---

वैद्यमाई

सकाळी न्या. संध्याकाळी अशी माणसं जास्त अस्वस्थ होतात. रविवार टाळा, सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, त्यामुळे मधला वार. आधी एकटी जाऊन स्वच्छतागृह कुठे आहे आणि बसायला जागा कुठे आहे ते बघून या. तीनचार चित्रं पुरेत. तासाभराच्या आत बाहेर पडा, त्या खुशीत असल्या तरी. आणि प्रदर्शनच पाहिजे असंही नाही. शिवण शिकवत होत्या ना? संग्रहालयातल्या जुन्या कापडापाशी, भरतकामापाशी उभ्या करा. बोटं काय करतात ते बघा आणि धरू नका.

---

रेघोट्या

कापडासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथेच जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन आहे, आधुनिक चित्रंही पाहून होतील. एनजीएमए अगदी समोर, पण तिथे जिने आहेत, सासूबाईंचे गुडघे बघून ठरव.

---

परळकर

अबोलीताई, दोन दिवस विचार करतोय. तुम्ही पत्रकावर बाबांचं बोलणं लिहून घेतलंत म्हणालात. ते इथे लिहाल का? सगळं, जसंच्या तसं. चित्रांची नावं नसली तरी चालतील.

---

अबोली

परळकर, लिहिते. काही शब्द पुसट झालेत, घडीवर पडलेत. चित्रांची नावं मी तेव्हा लिहिली नाहीत, तेवढा वेळ नव्हता.

“हा आमच्या खात्यातला. बदलीत होता, कायम झाला नाही.”

“हा गावाला गेला तो आलाच नाही. त्याची ट्रंक खोलीवर राहिली. दोन वर्षं ठेवली आम्ही.”

“ह्याला तंबाखू लागायची, दर तासाला. मुकादम ओरडायचा.”

“ही खानावळवाली. हिचे पैसे द्यायचे आहेत.” (हे त्यांनी तीनदा म्हटलं. खाली उतरताना पण.)

“हा उठत का नाही? पाळी सुरू होईल.”

“हे कोण? ह्यांना मी ओळखत नाही. हे साहेब असतील.”

“हा राजापूरचा, त्रासन खात्यातला. खोकायचा फार. रात्रपाळीला माझ्याजवळ घोंगडी मागायचा. ह्याचा मुलगा लहान होता, गॅलरीत उभा राहून भोंगा वाजला की कान झाकायचा.”

शेवटची ओळ घडीवर आहे. “सगळे आलेत” एवढं वाचता येतं. पुढचा शब्द गेलाय.

---

परळकर

आम्ही राजापूरचे.

त्रासनात राजापूरचे पुष्कळ होते, एका गाळ्यात दहा-दहा. सगळेच खोकायचे, कापसाने. वडील कोणत्या गिरणीत होते ते तुम्हाला वेगळं कळवतो, तुम्ही बाबांची गिरणी सांगा. जुळायचं नाही, मला माहीत आहे.

कान मी झाकायचो. पण चाळीत सगळीच पोरं झाकायची.

---

अबोली

तुमच्या खरडवहीत लिहिलंय. बघा.

---

परळकर

बघितलं. गिरणी वेगळी आहे. रस्ता एकच, समोरासमोरची फाटकं.

या शनिवारी सुट्टी घेतोय. आईला घेऊन त्या चौकात येतो, आत काय लागलंय ते आत गेल्यावर बघू. ती पंच्याहत्तरची आहे, डोकं शाबूत आहे, जिने चढते. तुम्ही येणार असाल तर ते पत्रक बरोबर आणा. तिला खानावळवाल्या सगळ्या माहीत होत्या.